आपत्तीच्या जोखमीची पाहणी: ग्रामीण भागासाठी कामाचा क्रम

ग्रामीण भागातल्या जोखीम-पाहणीचं काम बहुतेक ठिकाणी उलट्या टोकाकडून सुरू होतं. बैठक बसते. फळ्यावर पूर, दरड, वादळ, वणवा, भूकंप अशी यादी होते. प्रत्येकाला एक ते पाच गुण दिले जातात, गुणाकार होतो, तक्ता लाल-पिवळा-हिरवा रंगवला जातो आणि त्याची फाइल बनते. ओढ्यापलीकडच्या शेवटच्या घरात कोण राहतं आणि त्या माणसाला रात्री दोन वाजता कोण उठवणार, हे त्या फाइलमध्ये कुठेच नसतं.

चूक गुण देण्यात नाही, ते आधी देण्यात आहे. खाली दिलेल्या क्रमात गुणांची पाळी सातव्या टप्प्यावर येते. वीस-पंचवीस वस्त्यांच्या भागासाठी तीन-चार माणसांना साधारण सहा आठवडे लागतील असं धरा. घाई करायची तर कागदावर करा. पायी फेरीत आणि घरोघरच्या यादीत मात्र करू नका.

## पूर्वतयारी

शब्द ठरवून घ्या. अर्धे वाद शब्दांच्या गोंधळातून होतात. नदीला पूर येणं हा धोका. पुराच्या वाटेत घर असणं हे उघडेपण. त्या घराची भिंत मातीची असणं आणि आतल्या माणसाला चालता न येणं ही असुरक्षितता. तिन्ही एकत्र आले की जोखीम होते. नदी कोणालाच हलवता येत नाही. काम करायचं असतं ते उरलेल्या दोन गोष्टींवर.

सामान. १:२५,००० किंवा त्याहून मोठ्या प्रमाणावरचा, उंचीच्या रेषा असलेला छापील नकाशा. त्याच भागाचं उपग्रह छायाचित्र, तेही छापील. मोजपट्टी, दोन मीटरची खुणा केलेली काठी, पाण्याने न पुसणारं मार्कर आणि जाड पुठ्ठ्याची वही. जागेचे अक्षांश-रेखांश टिपायला फोन पुरतो. कागद हवाच, कारण ज्या दिवशी ही माहिती लागेल त्या दिवशी वीज नसेल.

नोंदी. पर्जन्यमापकाच्या आणि नदीच्या पातळीच्या नोंदी मागवा. त्यांच्याइतक्याच उपयोगी, पण कोणी न मागणाऱ्या नोंदी म्हणजे रस्ता कधी बंद झाला, पुलाची डागडुजी कधी झाली, शाळेला अवेळी सुट्टी कधी द्यावी लागली, वीज किती तास गेली. गावाला काय होतं हे हवामानाच्या आकड्यांपेक्षा या किरकोळ नोंदींतून लवकर कळतं.

माणसं. पुढाऱ्यांकडे शेवटी जा. आधी वीजतारा जोडणारा, दूध गोळा करणारा, टपाल वाटणारा, शाळेच्या गाडीचा चालक, रस्तादुरुस्तीचे मजूर, गुरं राखणारे आणि घरोघर जाणारी आरोग्यसेविका. ही माणसं वाईट हवामानातही बाहेर असतात. पहिलं पाणी कुठे चढतं हे त्यांना पाठ असतं.

> तपासा: तुमच्या गटात स्त्रिया आहेत का? दुपारी घरात कोण असतं, कोण आजारी आहे, कोण एकटं आहे ही माहिती पुरुषांच्या बैठकीत अर्धवटच मिळते.

## टप्पा १: सीमा ठरवा, पण पाण्याच्या सोयीने

पहिली चूक इथेच होते. लोक प्रशासनाच्या नकाशावरची हद्द घेतात आणि तिच्या आतच पाहतात. पाणी, आग आणि दरड यांना ती हद्द माहीत नसते. नकाशावर आधी पाणलोटाची रेषा काढा: तुमच्या ओढ्यात जिथून जिथून पाणी येतं तो सगळा भाग. तो शेजारच्या हद्दीत जात असेल तर तिथवर जा.

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात ३१ जुलै १९७६ च्या संध्याकाळी बिग थॉम्पसन नदीच्या वरच्या खोऱ्यात काही तासांत सुमारे ३०० मिलिमीटर पाऊस पडला. खालच्या अंगाला घळीत मुक्कामाला असलेल्यांच्या डोक्यावर तेवढा पाऊस नव्हता, त्यामुळे पाण्याची भिंत येते आहे यावर अनेकांचा विश्वासच बसला नाही. १४० हून जास्त माणसं गेली. अनेक जण गाडीतून, घळीच्या वाटेनेच, पाण्याच्या पुढे पळायला गेले होते. बाजूच्या चढावर काही मीटर चढले ते वाचले. पुढे त्या भागात ‘वर चढा’ असं सांगणाऱ्या पाट्या लागल्या.

म्हणून सीमा काढताना दोन गोष्टी नकाशावरच लिहा. वरच्या अंगाला किती धरणं, तलाव आणि बंधारे आहेत, अगदी लहानसुद्धा. आणि तिथून तुम्हाला फोन कोण करणार. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘बघू’ असं असेल तर हा टप्पा अजून संपलेला नाही.

> सावधान: ‘इथे पाऊस नाही म्हणजे पूर नाही’ हे वाक्य जिथे ऐकू येईल तिथे नकाशावर ठळक खूण करा. ती वस्ती उशिरा निघणार.

## टप्पा २: आठवणी गोळा करा, पण मोजून

‘इथे पूर आला होता का?’ हा प्रश्न निरुपयोगी आहे. कोणीही ‘हो, मोठा आला होता’ म्हणेल आणि तुमच्या वहीत काहीच उतरणार नाही. ‘पाणी कुठवर आलं होतं ते हात लावून दाखवा,’ असं म्हणा. हात भिंतीवर टेकला की मोजपट्टी लावा. जमिनीपासूनची उंची, जागा, वर्ष आणि सांगणाऱ्याचं वय लिहा. दुसऱ्या माणसाला वेगळं गाठून तेच विचारा. दोघांच्या हातांत वीतभर फरक असला तर चालेल. पुरुषभर असेल तर तिसरा साक्षीदार शोधा.

वर्ष आठवत नसेल तर घरातल्या घटनेला बांधा: थोरला कितवीत होता, विहीर खणली त्याच्या आधी की नंतर. मग विचारा, पाणी चढायला किती वेळ लागला आणि उतरायला किती. हा वेळेचा प्रश्न बहुतेक पाहण्यांत राहून जातो आणि सहाव्या टप्प्यावर गाडं तिथेच अडतं.

खुणा जपणाऱ्या गावांना त्याचा फायदा होतो. जपानच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या आनेयोशी वस्तीत १९३३ च्या त्सुनामीनंतर चढावर एक दगड रोवला गेला: याच्या खाली घरं बांधू नका. २०११ च्या त्सुनामीचं पाणी त्या दगडाच्या खालीच थांबलं आणि वरची घरं वाचली.

मात्र आठवणीत दोन सापळे आहेत.

पहिला: आठवणीतला सगळ्यात मोठा पूर म्हणजे शक्य असलेला सगळ्यात मोठा पूर असं समजणं. माणसाची आठवण साठ-सत्तर वर्षांची असते, जमिनीची फार लांब. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तो अशा भागात, जो तेव्हाच्या भूकंप-नकाशावर सगळ्यात कमी धोक्याचा मानला जात होता. तीव्रता सहाच्या थोडी वर, म्हणजे जगातल्या मोठ्या भूकंपांच्या मानाने मध्यम. तरी नऊ हजारांहून जास्त माणसं गेली, कारण दगड-मातीच्या जाड भिंती आणि जड माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली. नोंद नाही याचा अर्थ धोका नाही असा होत नाही. त्यामुळे भूकंपाच्या रकान्यात ‘कधी झाला नाही’ एवढंच लिहून पुढे जाऊ नका. घरांच्या भिंती आणि छतं कशाची आहेत ते लिहा.

दुसरा सापळा: जुन्या पुरानंतर जमीन बदललेली असते. नवा रस्ता भराव घालून उंच केला, मोरी अरुंद ठेवली, ओढ्याकाठची झाडी गेली, की तेवढ्याच पावसात पाणी जास्त चढतं. प्रत्येक जुन्या खुणेपुढे ‘त्यानंतर काय बदललं’ असा रकाना ठेवा.

आता ‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ या शब्दाबद्दल, कारण याच्याइतका घोटाळा दुसऱ्या कशाने झालेला नाही. याचा अर्थ ‘आत्ता येऊन गेला, आता शंभर वर्षं निवांत’ असा नाही. दर वर्षी तो येण्याची शक्यता १ टक्का, आणि येऊन गेल्यावर पुढच्या वर्षी पुन्हा तीच १ टक्का. तीस वर्षांत तो किमान एकदा येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के होते, पन्नास वर्षांत सुमारे ३९ टक्के. लोकांना सांगताना शंभरचा आकडा काढूच नका. ‘या घरात तुम्ही तीस वर्षं राहिलात तर चारात एक’ असं सांगा. लगेच समजतं.

## टप्पा ३: पायी फेरी

गाडीतून केलेली पाहणी मी पाहणी धरत नाही. गाडी रस्त्यावरून जाते आणि रस्ता बहुधा उंचावरून जातो, त्यामुळे खालचं काही दिसत नाही. एकदा कोरड्या दिवसात चाला, एकदा मोठ्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी.

### पाणी

पुलापासून सुरुवात करा आणि प्रवाहाच्या उलट दिशेने वर जा. या गोष्टी टिपा:

- झाडांच्या फांद्यांत अडकलेला पालापाचोळा, कापडं, प्लास्टिक. मागच्या पुराची ही सगळ्यात प्रामाणिक पट्टी.
- प्रत्येक मोरीचा व्यास किंवा रुंदी, आणि तिच्या तोंडाशी किती गाळ आहे.
- वळणाच्या बाहेरच्या काठावरची घरं. पाणी तिथेच काठ खातं.
- जुनं, सोडून दिलेलं पात्र. सपाट, सुपीक, स्वस्त जागा म्हणून तिथे घरं होतात. पाण्याला जुनी वाट आठवते.

मोरी पुरेल का याचा अंदाज घ्यायला एक साधं गणित पाठ ठेवा. एक चौरस किलोमीटर जमिनीवर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लाख घनमीटर पाणी, म्हणजेच १० कोटी लिटर. त्यातलं निम्मंच वाहून आलं असं धरलं आणि ते तीन तासांत आलं, तर सेकंदाला साधारण साडेचार घनमीटर. आता मीटरभर व्यासाच्या, अर्ध्या गाळाने भरलेल्या नळाकडे पाहा. हा हिशेब अभियंत्याचा नाही, पण अभियंत्याला कधी बोलवायचं हे त्यातून कळतं.

आणखी काही आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. घोट्याच्या थोडं वर, म्हणजे १५ सेंटिमीटर वेगवान पाणी धडधाकट माणसाला पाडू शकतं. ३० सेंटिमीटर पाण्यात लहान गाडी तरंगू लागते, ६० सेंटिमीटरमध्ये बहुतेक वाहनं वाहून जातात. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. म्हणून फरशी-पुलावर नुसती खोली मोजून भागत नाही.

### उतार

दरडीची चिन्हं बारीक असतात, आणि प्रत्येकाचं स्पष्टीकरण कोणीतरी आधीच देऊन ठेवलेलं असतं. दार अडकतं, तर लाकूड फुगलं असेल. खांब कलला, तर गाडी लागली असेल. कुंपण लवलं, तर गुरांनी ढकललं असेल. एकेकटी ही कारणं खरी असू शकतात. एकाच उतारावर तिन्ही दिसली तर उतार सरकतो आहे असं धरा आणि जाणकाराला बोलवा.

उताराच्या माथ्यावर चंद्रकोरीसारख्या भेगा शोधा. भेगेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोका, अंतर मोजा, तारीख लिहा आणि दर आठवड्याला पुन्हा मोजा. कोरड्या जागी अचानक पाझर फुटणं, झऱ्याचं पाणी गढूळ होणं, आणि पाऊस चालू असताना ओढ्याचं पाणी एकदम कमी होणं ही चिन्हं आठवड्यावर ढकलू नका. शेवटच्या चिन्हाचा अर्थ वर कुठेतरी मातीने पाणी अडवलंय असा असू शकतो. तो बांध फुटला की खाली वेळ मिळत नाही.

उताराच्या पायथ्याशी खूण करून थांबणं ही नेहमीची चूक. वॉशिंग्टन राज्यातल्या स्नोहोमिश काउंटीत ओसो इथे २२ मार्च २०१४ रोजी डोंगराचा कडा सुटला. माती नदी ओलांडून पलीकडच्या सपाट भागात एक किलोमीटरहून पुढे गेली आणि तिथली वस्ती गाडली गेली. ४३ माणसं गेली. त्याच कड्यावरून २००६ मध्येही दरड आली होती. नकाशावर दरड कुठून सुटेल एवढंच दाखवू नका. ती कुठवर पोचेल तो पट्टाही रंगवा, आणि नदी मध्ये आहे म्हणून रंग तिथे थांबवू नका.

### आग, वारा, वीज, ऊन

वणवा चढावर वेगाने धावतो. उतार दहा अंशांनी वाढला की वेग साधारण दुप्पट होतो. म्हणून गवताळ उताराच्या माथ्यावरची घरं आधी टिपा. घर बहुधा ज्वाळेने पेटत नाही, वाऱ्यावर आलेल्या ठिणगीने पेटतं. भिंतीपासून दीड मीटरच्या पट्ट्यात सरपण, कडबा, सुकलेली पानं आहेत का एवढं पाहिलं तरी बरंच काम होतं.

वाऱ्यासाठी छताचे पत्रे कशाने बांधलेत ते पाहा. विजेसाठी, माणसं शेतात कुठल्या एकट्या झाडाखाली थांबतात ते विचारा. लखलखाट आणि गडगडाट यांत तीन सेकंदांचं अंतर म्हणजे वीज साधारण एक किलोमीटरवर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर पक्क्या घरात जायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं बाहेर पडायचं नाही. उन्हाच्या बाबतीत दुपारपेक्षा रात्रीचं विचारा. रात्रीही घर थंड होत नसेल तर म्हातारी माणसं तिथे आधी आजारी पडतात.

> तपासा: सुटकेची प्रत्येक वाट एकदा अंधारात, विजेरी घेऊन, वस्तीतल्या सगळ्यात सावकाश चालणाऱ्या माणसाबरोबर चालून पाहिली का? त्यांना लागलेली मिनिटं लिहा. तुमची नकोत.

## टप्पा ४: घरोघर यादी

जनगणनेचे आकडे इथे उपयोगाचे नाहीत. त्यांत वस्तीत किती माणसं आहेत हे कळतं, कोणाला उचलावं लागेल हे कळत नाही. यादी आजाराच्या नावाने करू नका, लागणाऱ्या मदतीच्या नावाने करा. चार गट पुरतात: स्वतः चालत निघतील, हात धरावा लागेल, उचलावं लागेल, आणि विजेवर किंवा नियमित औषधावर जीव आहे. शेवटच्या गटात ऑक्सिजनचं यंत्र, डायलिसिस आणि थंड ठेवावं लागणारं इन्सुलिन येतं.

कॅलिफोर्नियातल्या ब्यूट काउंटीत ८ नोव्हेंबर २०१८ रोजी सकाळी साडेसहाच्या सुमारास लागलेली आग दीडेक तासात पॅरडाइज गावात शिरली. ८५ जण गेले. त्यांत वयस्कर माणसं फार मोठ्या संख्येने होती. आग सगळ्यांसाठी एकच होती, पण निघायला लागणारा वेळ प्रत्येकाचा वेगळा होता.

यादीतून हमखास सुटणारे:

- हंगामी मजूर, वीटभट्टीवरची आणि पालातली कुटुंबं. ही बहुधा सगळ्यात सखल जागी असतात.
- सुट्टीला आलेली मुलं आणि पर्यटक.
- दिवसा एकटी राहणारी म्हातारी माणसं. रात्रीच्या यादीत त्यांच्यापुढे सहा जणांचं कुटुंब दिसतं, दुपारी तिथे एकच माणूस असतं.
- नकाशावर वस्ती म्हणून न दिसणारी शेतातली एकेकटी घरं.

म्हणून यादी दोन काढा, दिवसाची आणि रात्रीची.

जनावरांचा रकाना ठेवाच. गोठा भरलेला असताना माणूस घर सोडत नाही, आणि सोडलं तरी मध्येच परत जातो. हे त्याचं अडाणीपण नाही, ती त्याची सगळी मिळकत आहे. जनावरं कुठे नेणार हे ठरलं नसेल तर माणसं निघतील हेही धरू नका.

> सावधान: ही यादी भिंतीवर लावायची नाही आणि गटांवर फिरवायची नाही. कोण एकटं राहतं, हे चोरालाही हवं असतं. दोन प्रती, दोन विश्वासू माणसं, बंद पाकीट.

## टप्पा ५: कशावर काय अवलंबून आहे

नकाशावर पूल, वीजतारा, मोबाइलचा मनोरा, पाण्याचा पंप, इंधनाचा साठा आणि दवाखाना दाखवा. मग प्रत्येकावर बोट ठेवून ‘हे बंद पडलं तर?’ विचारा, आणि उत्तर आलं की ‘आणि मग?’

वीज गेली. आणि मग? पंप बंद. आणि मग? टाकीतलं पाणी दिवसभर पुरेल. मनोऱ्याची बॅटरी काही तास. आणि मग? फोन बंद, म्हणजे तुमची सगळी निरोपव्यवस्था बंद. चौथ्या ‘आणि मग’पर्यंत पोचलात की खरी अडचण सापडते. ती बहुधा पहिल्या यादीत नसलेली असते. एका पाहणीत आम्ही आणीबाणीच्या जनित्राची सगळी नोंद केली होती: क्षमता, इंधन, चालवणारा माणूस. जनित्राची खोली पूरखुणेच्या दोन हात खाली होती, हे परतीच्या वाटेवर लक्षात आलं. निवाऱ्याच्या इमारतीबाबतही हेच करा. शाळा नेहमी निवारा म्हणून लिहिली जाते. तिची पायरी कुठल्या पातळीवर आहे ते आधी मोजा.

## टप्पा ६: वेळेचा हिशेब

सगळ्या पाहणीतला हा सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात जास्त टाळला जाणारा टप्पा. प्रश्न एकच: मिळणारा वेळ लागणाऱ्या वेळेपेक्षा जास्त आहे का?

समजा, ओढ्याकाठी ६० घरांची वस्ती आहे आणि बाहेर पडायला एकच साकव. वरच्या पातळीमापकापासून पाणी घरांपर्यंत यायला ९० मिनिटं लागतात. आता लागणारा वेळ मांडा.

- पातळी दर अर्ध्या तासाला पाहिली जाते, म्हणजे वाईटात वाईट ३० मिनिटं.
- फोन आणि खात्री: १०.
- ‘हलायचं की नाही’ हे ठरवायला: २०.
- तीन जणांनी प्रत्येकी वीस दारं वाजवायची, दारामागे ३ मिनिटं: ६०.
- निघायची तयारी: १५.
- निवाऱ्यापर्यंत चालणं: २५.

बेरीज १६०. मिळणारा वेळ ९०. आराखडा कितीही देखणा असला तरी ही वस्ती पाण्यात आहे.

आता दुरुस्त्या करा. पाऊस वाढला की पातळी दर दहा मिनिटांनी पाहायची: १०. फोन: १०. निर्णय आधीच घेऊन ठेवायचा, ठरलेल्या खुणेला पाणी लागलं की कोणाला विचारायचं नाही: ०. भोंगा वाजवायचा आणि मदत लागणाऱ्या दहाच घरांची दारं दोघांनी वाजवायची: १५. तयारी १५, चालणं २५. बेरीज ७५. वाटतं की सुटलो.

पण साकव घरांच्या अर्धा तास आधी बुडतो. म्हणजे खरी मुदत ९० नाही, ६० आहे. इथेच बहुतेकांचं गणित चुकतं: घर बुडण्याची वेळ धरतात, वाट बुडण्याची धरत नाहीत. उपाय? पलीकडचा निवारा सोडा आणि अलीकडच्या, दहा मिनिटांवरच्या उंचवट्यावर जमा. साकवाचा प्रश्नच संपला, मुदत पुन्हा ९०, लागणारा वेळ ६०. अर्धा तास हाताशी उरतो. तो लागेल, कारण कोणीतरी औषधं विसरणारच.

> तपासा: प्रत्येक वस्तीसाठी हा हिशेब रात्रीच्या यादीवर केला का? वाट कधी बुडते किंवा अडते, हा आकडा वेगळा लिहिला का?

## टप्पा ७: आता क्रम लावा

आता गुण द्यायला हरकत नाही, फक्त त्यांचा गुणाकार करू नका. दर वर्षी येणारं आणि फारसं नुकसान न करणारं पाणी: ५ गुणिले १. क्वचित सुटणारी पण अख्खी वस्ती गाडणारी दरड: १ गुणिले ५. दोन्ही पाच. या पाचाला काही अर्थ नाही.

त्यापेक्षा दोन वेगळ्या याद्या करा: जिथे जीव जाऊ शकतो ती, आणि जिथे पैसा, पीक किंवा सोय जाते ती. पहिल्या यादीत वेळेच्या हिशेबात सगळ्यात जास्त मिनिटं कमी पडणारी वस्ती सगळ्यात वर.

दुष्काळ या दोन्हींतून निसटतो, कारण त्याला तारीख नसते. त्याच्यासाठी तिसरं पान ठेवा: कुठली विहीर कोणत्या महिन्यात आटते, आणि त्यानंतर तिच्यावरची माणसं पाणी कुठून आणतात.

## टप्पा ८: कामाचा कागद

जाडजूड अहवाल लिहायचा असेल तर लिहा. गावासाठी मात्र प्रत्येक वस्तीचं एकच पान काढा. त्यावर धोका, खूण, वाट, जमण्याची जागा, मदत कोण करणार, त्या माणसाला पर्याय कोण आणि किल्ली कुठे, एवढंच.

‘पाणी वाढल्यास स्थलांतर करावे’ ही सूचना नाही. ‘पुलाच्या तिसऱ्या खांबावरच्या पांढऱ्या पट्टीला पाणी लागलं की भोंगा वाजवायचा’ ही सूचना. पट्टी रंगवलेली हवी आणि रात्री दिसायला हवी.

कामं खर्चाप्रमाणे लावा. मोरी साफ करणं, पट्टी रंगवणं, भिंतीजवळचं सरपण हलवणं याला मंजुरी लागत नाही, म्हणून ते याच आठवड्यात. पायवाटेला कठडा आणि भोंगा पुढच्या हंगामाआधी. नवा पूल किंवा घरांचं स्थलांतर मोठ्या पैशांचं, ते मागत राहायचं. उलटं होतं ते असं की पुलाच्या मागणीत वर्ष जातं आणि मोरी तशीच तुंबलेली राहते.

## टप्पा ९: सराव आणि फेरनोंद

पहिला सराव सांगून करा, दुसरा सकाळी लवकर, तिसरा अंधार पडल्यावर. तिसऱ्या वेळी मुद्दाम एक वाट बंद आहे असं जाहीर करा आणि एक मुख्य माणूस ‘बाहेरगावी’ पाठवा. घड्याळ लावा. आलेली मिनिटं सहाव्या टप्प्यातल्या आकड्यांच्या शेजारी लिहा. ती कागदावरच्यापेक्षा जास्त असणार. कागद दुरुस्त करा, घड्याळावर शंका घेऊ नका.

खरा पूर किंवा दरड येऊन गेली तर आठवड्याच्या आत खुणा मोजा. त्यानंतर भिंती धुतल्या जातात, रंग लागतो, पालापाचोळा उडून जातो. एरवी दर वर्षी घरोघरची यादी तेवढी ताजी करा. पूर्ण पाहणी पुन्हा करायची ती नवा रस्ता, नवा बंधारा, मोठी वृक्षतोड, वणव्यात जळालेला उतार किंवा नवी वस्ती यांपैकी काही घडलं तर. जळालेल्या उताराची गय करू नका. मुळं आणि पालापाचोळा गेलेल्या जमिनीवरून पुढची एक-दोन वर्षं साध्या पावसातही चिखलाचे लोंढे येतात, आणि आग विझली म्हणून तिकडे कोणाचंच लक्ष नसतं.